विंडोज ११ वर आठ चॅनेलचा स्वस्त लॉजिक अ‍ॅनालायझर

सर्किटमधले डिजिटल सिग्नल टिपून संगणकावर दाखवणारा २४ मेगाहर्ट्झचा हा छोटा डबा यूएसबीला जोडला की डिव्हाइस मॅनेजरमध्ये बहुतेकदा पिवळे चिन्ह दिसते. सोबतच्या सीडीवरचा जुना ड्रायव्हर टाकू नका. डिजिटल सही नसलेला ड्रायव्हर विंडोज ११ अडवते. तो चालावा म्हणून मेमरी इंटिग्रिटी (विंडोजची एक सुरक्षा सोय) बंद करणे तर मुळीच योग्य नाही.

आधी पल्सव्ह्यू, म्हणजे सिग्नल दाखवणारा प्रोग्राम, इन्स्टॉल करा. मग झॅडिग (यूएसबी ड्रायव्हर बसवणारा छोटा प्रोग्राम) उघडून ऑप्शन्समध्ये 'लिस्ट ऑल डिव्हाइसेस' निवडा. यूएसबी आयडी ०९२५ ३८८१ असेल तरच विनयूएसबी हा विंडोजचा ड्रायव्हर बसवा. इथे घाई नको: चुकून कीबोर्ड किंवा माऊस निवडला तर तो बंद पडेल.

पल्सव्ह्यूमध्ये एफएक्स२लाफडब्ल्यू ड्रायव्हर निवडून स्कॅन करा. डब्यात कायमचे फर्मवेअर (डबा चालवणारा आतला प्रोग्राम) नसते, ते दर वेळी संगणकातून चढते आणि डबा १डी५० ६०८सी या नव्या आयडीने पुन्हा जोडला जातो. म्हणून पहिल्या स्कॅनला तो सापडला नाही, तर झॅडिग पुन्हा चालवून या नव्या आयडीलाही विनयूएसबी द्या.

कॅप्चर मध्येच थांबत असेल तर हब काढून थेट पोर्टला जोडा, नाहीतर सॅम्पल रेट (सिग्नल मोजण्याचा वेग) १२ मेगाहर्ट्झवर आणा. सर्किटचा ग्राउंड आधी जोडा; इनपुटला ५ व्होल्टपेक्षा जास्त देऊ नका.