उप्पालमध्ये रेल्वे फाटक: टाइम्ड ऑटोमाटा काढायचा आणि तपासायचा कसा

इंजिनिअरिंगला टीओसीचा (थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनचा) पेपर दिलेल्यांना ऑटोमाटा, म्हणजे यंत्रणा एका अवस्थेतून दुसरीत कशी जाते ते दाखवणाऱ्या आकृत्या, म्हटलं की वर्तुळं, बाण आणि मार्कांची विभागणी आठवते. तीच वर्तुळं संगणकाला दिली, तर तो त्यातली प्रत्येक शक्य वाट चालून पाहतो आणि घात कुठे होतो ते दाखवतो. वर्गात हा भाग बऱ्याचदा राहून जातो. त्यासाठी साधनं बरीच आहेत. डीएफए, म्हणजे मोजक्या अवस्थांचा साधा ऑटोमाटा, चालवून बघायचा असेल तर ड्यूक विद्यापीठात तयार झालेलं जेफ्लॅप पुरतं. एकमेकांना संदेश पाठवणारे प्रोग्रॅम तपासायचे असतील तर बेल लॅब्जमध्ये जेरार्ड होल्झमन यांनी घडवलेलं स्पिन आहे, आणि संभाव्यतेचा हिशेब हवा असेल तर प्रिझम. पण ‘किती सेकंदांत?’ असा प्रश्न आला की मी उप्पाल उघडतो.

स्वीडनमधलं उप्साला आणि डेन्मार्कमधलं आल्बोर्ग अशा दोन विद्यापीठांनी मिळून ते बनवलं. पहिली आवृत्ती १९९५ ची. त्यामागचा सिद्धांत राजीव अलूर आणि डेव्हिड डिल यांचा. अलूर आयआयटी कानपूरचे पदवीधर. साध्या ऑटोमाटाला घड्याळं जोडायची, ती सगळी एकाच वेगाने चालतात आणि बाणावरून जाताना हवं ते घड्याळ शून्यावर आणता येतं, एवढीच टाइम्ड ऑटोमाटाची मूळ कल्पना.

आपण एक रेल्वे फाटक उभं करू. मार्ग एकच, एका वेळी गाडी एकच.

आधी कागद

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी आकडे लिहून काढा. सेन्सर फाटकापासून १ किलोमीटरवर आहे. गाड्या ताशी ६० ते ९० किलोमीटर वेगाने येतात, म्हणजे सेन्सरपासून फाटकापर्यंत ४० ते ६० सेकंद. गाडी साधारण अर्धा किलोमीटर लांब धरली, तर हळू गाडीची शेपटी निघून जायला आणखी ३० सेकंद लागतात, म्हणजे सेन्सरपासून जास्तीत जास्त ९०. फाटक पडायला किंवा उघडायला ८ ते १५ सेकंद. नियंत्रक यंत्रणेला आदेश द्यायला जास्तीत जास्त ५.

प्रत्येक कृतीला कमीत कमी आणि जास्तीत जास्त, असे दोन्ही आकडे शोधा. सरासरीचा इथे उपयोग नाही. आकडे पूर्णांकच हवेत. अर्धा सेकंद महत्त्वाचा असेल तर एककच दशांश सेकंदाचं धरा.

तीन आकृत्या

उप्पाल त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळतं. शैक्षणिक वापराला मोफत, व्यावसायिक वापराला परवाना लागतो. खिडकी जावावर चालते. वर एडिटर, सिम्युलेटर आणि व्हेरिफायर असे टॅब दिसतील. नावं आणि सूत्रं तिथे रोमन लिपीतच टंकावी लागतात. वाचायला सोपं जावं म्हणून इथे देवनागरीत दिली आहेत.

एडिटरच्या सामाईक घोषणांमध्ये चार चॅनेल, म्हणजे आकृत्यांनी एकमेकींना संदेश पाठवायच्या वाहिन्या, जाहीर करा: येते, गेली, पाड, उचल. चॅनेलच्या नावापुढे उद्गारचिन्ह म्हणजे पाठवणे, प्रश्नचिन्ह म्हणजे ऐकणे.

पहिला टेम्प्लेट, म्हणजे एका घटकाची आकृती, गाडीचा, त्याचं घड्याळ क्ष. तीन अवस्था: दूर (ही सुरुवातीची, दुहेरी वर्तुळाची), येतेय, फाटकावर. ‘दूर’कडून ‘येतेय’कडे बाण काढा, त्यावर ‘येते!’ आणि क्ष = ०. ‘येतेय’कडून ‘फाटकावर’कडे जाणाऱ्या बाणावर गार्ड, म्हणजे बाण चालण्याची अट: क्ष >= ४०. ‘फाटकावर’कडून परत ‘दूर’कडे ‘गेली!’. आता ‘येतेय’ या वर्तुळावर डबल क्लिक करून इन्व्हेरियंट, म्हणजे त्या अवस्थेत राहण्याची अट, लिहा: क्ष <= ६०. ‘फाटकावर’चा इन्व्हेरियंट क्ष <= ९०.

गार्ड आणि इन्व्हेरियंट यांत नवशिक्यांची हमखास गल्लत होते. गार्ड परवानगी देतो, इन्व्हेरियंट भाग पाडतो. नुसता गार्ड लिहिला तर गाडी ४० सेकंदांनंतर कधीही येऊ शकते, किंवा कधीच न येता सेन्सरच्या पुढे जन्मभर उभी राहू शकते. उप्पालला दोन्ही मंजूर.

दुसरा टेम्प्लेट फाटकाचा, घड्याळ य. ‘उघडं’ असताना ‘पाड?’ ऐकलं की य = ० करून ‘खालीयेतंय’. तिथे इन्व्हेरियंट य <= १५, आणि य >= ८ झालं की ‘बंद’. ‘बंद’ असताना ‘उचल?’ ऐकलं की य = ० करून ‘वरजातंय’, आणि तेच दोन आकडे लावून पुन्हा ‘उघडं’. चार बाण झाले.

तिसरा नियंत्रक, घड्याळ झ. ‘निवांत’ असताना ‘येते?’ ऐकून झ = ०, ‘पाडायचंय’ (झ <= ५). तिथून ‘पाड!’ म्हणून ‘थांबलाय’. ‘गेली?’ ऐकून झ = ०, ‘उचलायचंय’ (झ <= ५). तिथून ‘उचल!’ आणि परत ‘निवांत’. शेवटी सिस्टीमच्या घोषणेत तिन्ही टेम्प्लेट लिहा आणि टूल्स मेन्यूतून सिंटॅक्स तपासा.

सिम्युलेटरमध्ये दोन-तीन फेऱ्या हाताने चालवून बघा. त्यातून सिद्ध काहीच होत नाही, पण उलटा काढलेला बाण लगेच दिसतो.

प्रश्न विचारणे

व्हेरिफायरमध्ये प्रश्न सूत्राच्या रूपात विचारायचे. सूत्र खरं ठरलं तर हिरवा दिवा, नाही तर लाल. इंग्रजी मोठा ‘ए’ आणि पुढे रिकामा चौकटी कंस, ए[], म्हणजे ‘कुठल्याही वाटेने जा, प्रत्येक क्षणी’. ई<> म्हणजे ‘निदान एका वाटेने, कधीतरी’.

पहिला प्रश्न सुरक्षेचा विचारू नका. आधी ई<> गाडी.फाटकावर विचारा. गाडी फाटकावर कधी पोचतच नसेल, तर ‘गाडी असताना फाटक बंद असतं’ हे वाक्य आपोआप खरं ठरतं, आणि तुम्ही हिरवा दिवा बघून पेढे वाटता.

तो हिरवा आला की मुख्य प्रश्न: ए[] गाडी.फाटकावर इम्प्लाय फाटक.बंद. हिरवा. मग ए[] नॉट डेडलॉक, म्हणजे ‘यंत्रणा कधीच अडकून पडत नाही’. हा लाल येईल.

ऑप्शन्स मेन्यूत डायग्नॉस्टिक ट्रेसखाली ‘शॉर्टेस्ट’ निवडा आणि पुन्हा तपासा. लाल उत्तर देणारी वाट आता सिम्युलेटरमध्ये एकेका पावलाने उलगडते. गाडी गेली, फाटक वर जायला लागलं, तेवढ्यात पुढची गाडी सेन्सरवर आली. नियंत्रकाला ५ सेकंदांत ‘पाड’ म्हणायचंय, पण फाटक अर्ध्यावर असताना ते ऐकणारा बाणच नाही. नियंत्रकाचा इन्व्हेरियंट वेळ पुढे जाऊ देत नाही आणि सगळं जग गोठतं. वरचा सुरक्षेचा हिरवा दिवा अंशतः यामुळेच होता: गोठलेल्या जगात अपघात होत नाहीत. ‘वरजातंय’कडून ‘खालीयेतंय’कडे ‘पाड?’, य = ० असा पाचवा बाण काढा. आता दोन्ही हिरवे.

चुकीची वाट हातात मिळणं हीच या साधनांची खरी कमाई. बँग अँड ओलुफसेन या डॅनिश कंपनीच्या ऑडिओ-व्हिडिओ उपकरणांतल्या प्रोटोकॉलमध्ये (संदेशांच्या देवाणघेवाणीच्या नियमांत) संदेश अधूनमधून हरवायचे. असेंब्लीच्या सुमारे २,८०० ओळी होत्या, दहा वर्षांहून जास्त काळ वापरात, आणि नेहमीच्या चाचण्यांना चूक सापडत नव्हती. १९९७ मध्ये उप्पालने ती वाट काढून दिली, आणि दुरुस्तीही उप्पालमध्येच तपासून झाली.

सभ्य गाडी

आपल्या आकृतीत मात्र अजून एक खोटं लपलंय, आणि तिन्ही दिवे हिरवे असल्यामुळे ते दिसत नाही. साध्या चॅनेलवर पाठवणारा आणि ऐकणारा दोघंही तयार असतील तरच बाण चालतो. नियंत्रक ‘उचलायचंय’ मध्ये असताना ‘येते?’ ऐकत नाही. त्यामुळे आपली गाडी काय करते? नियंत्रक मोकळा होईपर्यंत सेन्सरच्या अलीकडे अदबीने थांबून राहते. खरी गाडी कुणाच्या सवडीची वाट बघत नाही.

म्हणून ‘येते’ आणि ‘गेली’ हे दोन चॅनेल ‘ब्रॉडकास्ट’ म्हणून जाहीर करा. आता पाठवणारा अडत नाही. ऐकायला कुणी नसेल तर संदेश वाया जातो. सुरक्षेचा प्रश्न पुन्हा विचारा. लाल! पहिली गाडी गेली, लगोलग दुसरी सेन्सरवर आली, नियंत्रकाने ते ऐकलंच नाही, फाटक उघडलं आणि गाडी उघड्या फाटकात. उपाय एका बाणाचा: ‘उचलायचंय’कडून ‘थांबलाय’कडे ‘येते?’. फाटक अजून बंदच आहे, तेव्हा काही न करता थांबायचं.

बाहेरच्या जगाकडून येणारी कुठलीही खूण, मग तो सेन्सर असो, बटण असो की रुग्णाची नाडी, साध्या चॅनेलवर ठेवू नका. माझ्या मते टाइम्ड ऑटोमाटाच्या आकृत्यांतली ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, कारण साधन तिच्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

मुद्दाम मोडून बघा

सेन्सर अर्ध्या किलोमीटरवर आणा. ४० चे २०, ६० चे ३० आणि ९० चे ६० करा. हिशेब सांगतो की आदेशाला ५ आणि फाटक पडायला १५, म्हणजे २०, बरोबर बसतं. उप्पाल लाल दाखवतं: विसाव्या सेकंदाला गाडी आत येणं आणि फाटकाचं ‘बंद’ होणं एकाच क्षणी येतं, आणि दोन्हींतलं आधी काय हे कुणी ठरवलेलं नाही. २० चे २१ करा, लगेच हिरवा. आकडे पूर्ववत करून पुढे चला.

आता फाटकाबाहेर स्कूटर बंद करून उभ्या राहिलेल्यांचा प्रश्न. फाटक.बंद --> फाटक.उघडं, म्हणजे ‘पडलेलं फाटक कधी ना कधी उघडतंच’. लाल. एकामागोमाग गाड्या येत राहिल्या तर ते कधीच उघडत नाही. ज्यांनी असं फाटक पाहिलंय त्यांना ट्रेस बघायचीही गरज नाही. दोन गाड्यांमध्ये अंतर ठेवायचं तर ‘गेली!’ च्या बाणावर क्ष = ० करा आणि ‘दूर’मधून निघणाऱ्या बाणावर क्ष >= १२० असा गार्ड लावा. मग हिरवा.

पण हे १२० सेकंद रेल्वेने पाळायचे आहेत, तुमच्या फाटकाने नाही. शिवाय तो गार्ड असताना ‘उचलायचंय’मध्ये असताना दुसरी गाडी येण्याचा प्रसंगच उद्भवत नाही, त्यामुळे तो महत्त्वाचा बाण पुसला तरी दिवे हिरवेच राहतील. तेव्हा दोन फाइली ठेवा. अंतराचा गार्ड नसलेल्या फाइलीत सुरक्षेचे प्रश्न विचारा, असलेल्या फाइलीत फाटक उघडण्याचा, आणि नियंत्रकात काहीही बदललं की दोन्ही पुन्हा चालवा.