सीएनजी, बायोगॅस, हायड्रोजन: कॉम्प्रेसरच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला आणि 'ग्रीन एनर्जी'त जायचं ठरलं, की मुलं सोलर नाहीतर बॅटरी धरतात. पुण्याच्या पीएमपीच्या सीएनजी बसमध्ये 200 बारला (हवेच्या दाबाच्या साधारण 200 पट) गॅस भरणारं यंत्र, म्हणजे कॉम्प्रेसर, कुणाला आठवत नाही. पुण्यात हडपसर, दापोडीला कॉम्प्रेसरचं काम जुनं आहे.

आधी एक हिशेब हाताने करा. पाइपलाइनमध्ये गॅस समजा 16 बारला, न्यायचाय 250 ला. हे गेजचे आकडे; त्यात हवेचा दाब मिळवा, पुण्याच्या उंचीवर साधारण 0.95 बार. शेवटचा दाब भागिले सुरुवातीचा, हे गुणोत्तर 15 च्या आसपास येतं. एका दमात दाबला, तर 35 अंशांचा मिथेन 300 अंशांवर जातो. तीन स्टेज (दाबण्याचे टप्पे) आणि मध्ये कूलर असले, तर प्रत्येक स्टेजला 105 अंशांच्या आसपास. शुद्ध केलेला बायोगॅस जेमतेम हवेच्या दाबाने आला, तर तेच गुणोत्तर 260 च्या पुढे. तिथे चार स्टेज लागतात, आणि गेजचा जवळजवळ शून्य आकडा तसाच भागिला तर उत्तर हास्यास्पद येतं.

लॉगशीट, म्हणजे दाब-तापमानाच्या नोंदींचा तक्ता, वाचायला शिका. पहिल्या स्टेजचा डिस्चार्ज (बाहेर पडणाऱ्या गॅसचा) दाब नेहमीपेक्षा चढला, तर दोष बहुधा दुसऱ्या स्टेजच्या सक्शन (गॅस आत घेणाऱ्या) व्हॉल्व्हचा: तो गळतो, गॅस मागे फिरतो. इन्फ्रारेड गनने व्हॉल्व्हची झाकणं मोजा. गळणारं शेजारच्यापेक्षा गरम लागेल. उघडण्याआधी ब्रेकर लॉक करा, गॅस ब्लोडाउन करा, म्हणजे बाहेर सोडून दाब उतरवा, गेज शून्यावर असला तरी व्हेंट उघडून बघा. आणि सक्शनचा व्हॉल्व्ह डिस्चार्जच्या खोबणीत बसवू नका. गॅसला वाटच उरत नाही, कॉम्प्रेसरचा सिलिंडर फुटू शकतो.

बायोगॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड आणि ओल राहिली, की व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा गंजून तुटतात. गॅसमधलं पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरचा ड्रेन आळस न करता काढा.

हायड्रोजनचा रेणू बारीक, पिस्टन रॉडभोवतीच्या पॅकिंगमधून निसटतो. एपीआय 618 या कॉम्प्रेसरच्या मानकात हायड्रोजनबहुल गॅससाठी डिस्चार्जच्या तापमानाची मर्यादा 135 अंश, इतरांसाठी 150. फ्युएल सेलला तेलाचा अंशही चालत नाही, म्हणून तिथे बहुतेकदा डायफ्रॅम कॉम्प्रेसर. त्यात खालच्या तेलाला आणि वरच्या गॅसला वेगळं ठेवणारे तीन पातळ पत्रे एकावर एक असतात. मधल्या पत्र्याला खाचा असतात; गळती झाली की त्यांतून दाब स्विचपर्यंत पोचतो आणि मशीन थांबतं. तेल निघालं तर खालचा पत्रा फाटलाय, गॅस निघाला तर वरचा. तिन्ही बदला, पण आधी फाटल्या जागी बोट फिरवून बघा: बहुतेकदा पाइप जोडताना राहिलेला धातूचा कीस तिथेच सापडतो.