वजनकाट्यावर चढण्याआधीच होणाऱ्या चुका

२५ एप्रिल २०२५ रोजी ख्रिस युबँक ज्युनियर हा ब्रिटिश मुष्टियोद्धा कॉनर बेनविरुद्धच्या लढतीसाठी वजन द्यायला उभा राहिला, तेव्हा त्याला १६० पौंडांची मर्यादा पाळायची होती. पहिल्या खेपेस काट्याने १६०.२ दाखवले, दुसऱ्या खेपेस १६०.०५. जास्तीचे वजन भरले सुमारे २३ ग्रॅम आणि त्यापायी त्याच्यावर सुमारे ५ लाख डॉलरचा दंड बसला. अशी बातमी वाचली की शेवटच्या दिवशी थोडा अधिक घाम गाळला असता तर भागले असते, असे सहज वाटते. व्यावसायिक बॉक्सिंगमधल्या वजनाच्या बहुतेक चुका मात्र शेवटच्या दिवशी फक्त उघड होतात; त्या झालेल्या असतात काही आठवडे आधी, वजनगट निवडताना, करारावर सही करताना आणि घरच्या काट्यावर विसंबताना.

घरच्या काट्याचेच आधी पाहू, कारण ही चूक क्षुल्लक वाटते आणि महागात पडते. व्यावसायिक बॉक्सिंगचे वजनगट पौंडांत ठरलेले आहेत, तर सरावाच्या जागेचा काटा अनेकदा किलोंत असतो आणि दशांश चिन्हानंतर एकच आकडा दाखवतो. १६० पौंड म्हणजे ७२.५७ किलो आणि १६०.०५ पौंड म्हणजे जवळपास ७२.६० किलो. असा काटा या दोन्ही वजनांना ७२.६ असेच दाखवील, त्यामुळे मर्यादेत असणे आणि मर्यादा ओलांडणे यांतला फरक त्यावर कळणारच नाही. वेल्टरवेट या वजनगटाची १४७ पौंडांची मर्यादा ‘साधारण ६७ किलो’ अशी लक्षात ठेवणारा तर सुरुवातीपासूनच पाऊण पौंडाच्या आसपास चुकलेला असतो. खरा आकडा ६६.६८ आहे. म्हणून हिशेब पौंडांतच ठेवावा, काटा प्रमाणित वजनांनी तपासून घ्यावा आणि अधिकृत काटा आधी वापरायला मिळत असेल, तर आपल्या काट्याशी त्याचा फरक किती पडतो ते लिहून ठेवावे. सपाट, कडक जमिनीऐवजी गालिच्यावर ठेवलेला काटा कोणता आकडा दाखवील, याचा भरवसा नसतो, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

दुसरी चूक कागदावरची आहे. जेतेपदाच्या लढतीत मर्यादेवर एक दशांश पौंडाचीही सूट नसते. जेतेपद पणाला नसलेल्या लढतीत मात्र मर्यादा कोणती, सूट किती आणि वजन जास्त भरल्यास दंड किती, हे सारे करारावर अवलंबून असते. दोन वजनगटांच्या मधला एखादा आकडा, म्हणजे कॅचवेट, ठरवण्याचीही मुभा असते. २००९ मध्ये फ्लॉइड मेवेदर आणि हुआन मॅन्युएल मार्केस यांच्यात १४४ पौंड ठरले होते. मेवेदर १४६ भरला आणि पौंडामागे ३ लाख याप्रमाणे त्याने ६ लाख डॉलर मोजले. त्याला ते परवडले. नवख्या मुष्टियोद्ध्याच्या मानधनातून असाच दंड कापला गेला तर हाती काय उरेल, हे सही करण्यापूर्वी पाहावे. करारात लढतीच्या दिवशी सकाळी पुन्हा वजन करण्याची अट, जिला रिहायड्रेशन क्लॉज म्हणतात, आहे का हेही तेव्हाच वाचावे. आयबीएफ ही संघटना आपल्या जेतेपदाच्या लढतींसाठी अशी दुसरी तपासणी घेते आणि तीत मर्यादेपेक्षा १० पौंडांहून अधिक वजन चालत नाही. मार्च २०१७ मध्ये गेनाडी गोलोवकिनविरुद्ध डॅनियल जेकब्ज या तपासणीला गेलाच नाही. लढत झाली, परंतु आयबीएफचा पट्टा जिंकण्याची संधी त्याने रिंगणात उतरण्याआधीच गमावली.

आता मुख्य चुकीकडे वळू, आणि ती म्हणजे पाणी आणि चरबी यांत गल्लत करणे. शेवटच्या दोन-तीन दिवसांत काट्यावर जे झपाट्याने उतरते, ते मुख्यतः पाणी, आतड्यांतला ऐवज आणि स्नायूंमधला ग्लायकोजेन, म्हणजे तिथे साठवलेली साखर, असतो. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी साठलेले असते, म्हणून पिष्टमय अन्न तोडताच वजन घसरल्यासारखे दिसते. चरबी इतक्या वेगाने जात नाही. आठ आठवड्यांत आहारातून जे साधायला हवे होते, ते आठ तासांत सॉनामध्ये, म्हणजे तापवलेल्या खोलीत, बसून साधू पाहणारा माणूस रक्तातले पाणी उपसत असतो. रक्तद्रवाचे प्रमाण घटले की हृदयाला तेच काम अधिक ठोक्यांत करावे लागते, त्वचेकडे जाणारे रक्त कमी होते आणि शरीर थंड ठेवण्याची यंत्रणा नेमकी गरजेच्या वेळी लंगडी पडते. शरीराच्या वजनाच्या २ टक्के पाणी गेले तरी दमसास कमी झाल्याचे जाणवू शकते. ज्या खेळात डोक्यावर ठोसे बसणारच असतात, त्यात पाणी हरवलेल्या शरीराने रिंगणात उतरणे, हा माझ्या मते या साऱ्या प्रकारातला सर्वांत कमी बोलला जाणारा धोका आहे.

आपण योग्य मार्गावर आहोत का, हे तपासण्यासाठी डब्ल्यूबीसी या जेतेपदे देणाऱ्या संघटनेची मोजपट्टी उपयोगी पडते: लढतीच्या ३० दिवस आधी मर्यादेपेक्षा जास्तीत जास्त १० टक्के आणि ७ दिवस आधी जास्तीत जास्त ५ टक्के. वेल्टरवेटच्या मुष्टियोद्ध्यासाठी हे आकडे १६१.७ आणि १५४.३५ पौंड येतात. ही कमाल मर्यादा आहे, उद्दिष्ट नव्हे. महिनाभर आधी जो १६८ पौंडांवर आहे, त्याच्यासाठी प्रशिक्षकाने घामाचा सूट शोधण्याऐवजी वरच्या गटातली लढत शोधावी. वजन चार-पाच दिवस एकाच जागी अडले, तर पाणी तोडण्याची घाई करू नये. खारट जेवण, बद्धकोष्ठता किंवा कठोर सरावानंतर स्नायूंत धरले गेलेले पाणी एवढ्यानेही काटा अडतो. रोज सकाळी, शौचानंतर आणि काही खाण्याआधी घेतलेल्या वजनाची आठवड्याची सरासरी पाहिली, तर खरी दिशा कळते.

रबरी सूट घालून उष्ण खोलीत व्यायाम करणे या पद्धतीविषयी तर बोलण्यासारखे काही उरलेलेच नाही. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर वजन उतरवताना अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने मरण पावले आणि त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत रबरी सूट आणि सॉना यांवर बंदी आली. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या उत्तेजकविरोधी नियमांनुसार निषिद्ध आहेत, म्हणजे त्यांत प्रकृती आणि परवाना दोन्ही जाण्याची सोय आहे. उभे राहताच घेरी येणे, छातीत धडधड होणे, बोलण्यात असंबद्धपणा येणे किंवा उष्णतेत असूनही घाम थांबणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर काटा विसरून माणसाला तत्काळ गार करावे आणि डॉक्टरांकडे न्यावे.

काट्यावरून उतरल्यानंतरची चूक नेमकी उलट दिशेची असते. पूर्वी वजन लढतीच्याच दिवशी होत असे; १९८० च्या दशकात ते आदल्या दिवशी होऊ लागले, ते खेळाडूला सावरायला वेळ मिळावा म्हणून. प्रत्यक्षात त्या वेळेच्या भरवशावर खेळाडू आणखी खाली उतरू लागले. वजन झाल्याझाल्या घटाघट साधे पाणी प्यायल्याने तहान शमते, पण मिठाशिवाय ते पाणी शरीरात टिकत नाही. त्याचा बराचसा भाग लघवीवाटे निघून जातो आणि अतिरेक झाल्यास रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. गमावलेल्या वजनाच्या सुमारे दीडपट द्रव, मीठ आणि पिष्टमय अन्नासह, थोडे थोडे करून अनेक तासांत घ्यावे लागते. सलाइनचा आडमार्गही खुला नाही: वाडा या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या नियमांनुसार १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा अधिक द्रव शिरेतून घेणे, रुग्णालयातील उपचारांसारखे मोजके अपवाद आणि वैद्यकीय सवलत वगळता, निषिद्ध आहे.

आणि तरीही वजन जास्त भरलेच तर? पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० ग्रॅमपायी विनेश फोगट बाद झाली, ते कुस्तीचे नियम होते. व्यावसायिक बॉक्सिंगमधल्या जेतेपदाच्या लढतीत साधारणपणे दोन तासांची मुदत मिळते. अर्धा पौंड जास्त असेल तर ती वापरावी. तीन-चार पौंड जास्त असतील, तर दोन तासांत ते उतरवणे म्हणजे उद्याची लढत आजच हरणे होय, आणि जेतेपद सोडून वाटाघाटीला बसणे अधिक शहाणपणाचे ठरते. युक्त्या करू नयेत. ऑक्टोबर २००५ मध्ये डिएगो कोरालेसविरुद्धच्या दुसऱ्या लढतीआधी होजे लुइस कॅस्टिलोच्या चमूतल्या एकाचा पाय काट्याखाली आढळला. कॅस्टिलो साडेतीन पौंड जास्त भरला होता. म्हणूनच प्रतिस्पर्ध्याचे वजन होत असताना आपला माणूस काट्याजवळ उभा असलाच पाहिजे.

समोरच्याचे वजन जास्त भरले, की चूक करण्याची पाळी आपली असते. मार्च २०१८ मध्ये जपानच्या शिन्सुके यामानाकाविरुद्ध ११८ पौंडांच्या मर्यादेसाठी लुइस नेरी आधी १२३ आणि मुदतीनंतर १२१ भरला. त्याचे जेतेपद काट्यावरच गेले, पण लढत झाली आणि यामानाका दुसऱ्याच फेरीत हरला. जपानच्या बॉक्सिंग आयोगाने नेरीवर पुढे बंदी घातली, ती २०२४ मध्ये उठली. यामानाकाची मात्र ती शेवटची लढत ठरली. अशा वेळी वाढीव रकमेचा आकडा ऐकून लगेच होकार देण्याऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन करण्याची आणि त्याच्या कमाल मर्यादेची अट लेखी मागावी, आणि ती नाकारली गेल्यास माघार घेण्याचा अधिकार प्रशिक्षकाने वापरावा. जून २००६ मध्ये कॅस्टिलो कोरालेसविरुद्धच्या तिसऱ्या लढतीआधी पुन्हा साडेचार पौंड जास्त भरला, तेव्हा कोरालेस रिंगणात उतरलाच नाही आणि लढत रद्द झाली. त्यानंतर कॅस्टिलो १४० पौंडांच्या गटात गेला.