जुन्या स्पीकरचा ट्वीटर: बदलण्याआधी उघडून बघा

चिपळूणच्या आमच्या घरात स्पीकरची एक जोडी आहे, १९८७ साली अण्णांनी सुताराकडून करून घेतलेली. प्लायवूडची पेटी, आठ इंची वूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर, आणि वर एक इंची रेशमी डोमचा, म्हणजे घुमटासारख्या पडद्याचा ट्वीटर, वरचे बारीक सूर वाजवणारा. ट्वीटर त्यांनी मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून आणले होते. अण्णांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि सोल्डरिंग मी तिथेच शिकले. दोन वर्षांपूर्वी डाव्या पेटीतून तानपुरा नीट ऐकू येईना. सूर यायचा, जवारी, म्हणजे तारेचा तो झणझणीत गुंजारव, यायची नाही. एका दुकानात दाखवलं तर उत्तर मिळालं, "ट्वीटर गेले, दोन्ही नवे टाका." मला ते पटलं नाही, आणि पेटी उघडल्यावर कळलं की पटलं नाही तेच बरं झालं. जुना ट्वीटर पुष्कळदा मेलेला नसतो. तो अडकलेला असतो, किंवा त्याच्यापर्यंत नीट सिग्नल पोचत नसतो.

आधी कानाने तपासा. ॲम्प्लिफायर मोनोवर (दोन्ही पेट्यांत एकच आवाज) ठेवा आणि बॅलन्सचं बटण फिरवून एकेक पेटी ऐका. तानपुऱ्याची जवारी, तबल्याच्या चाटेवरचा 'ता', भजनातले टाळ आणि गाणाऱ्याचे 'स', 'श' हे सगळं ट्वीटरच्या वाट्याचं काम. टाळ पत्र्याच्या डब्यासारखे वाजले किंवा 'श' कानात टोचला तरी दोष तिथेच शोधायचा. मग ॲम्प्लिफायर बंद करून पेट्यांच्या मागच्या डाव्या-उजव्या वायरी आपसात बदला. दोष त्याच पेटीत राहिला तर दोष पेटीचा; दुसऱ्या पेटीत गेला तर ॲम्प्लिफायरचा किंवा वायरीचा. पेटीचा निघाला तर दोन पेट्यांचे ट्वीटर आपसात बदला. दोष ट्वीटरबरोबर गेला तर ट्वीटर बिघडलाय, पेटीतच राहिला तर क्रॉसओव्हर, म्हणजे वरचे आणि खालचे सूर वेगळे करून ट्वीटर-वूफरला वाटून देणारी आतली जोडणी. या अदलाबदलीला खर्च काहीच नाही, आणि निम्मं निदान इथेच होतं.

ट्वीटर काढताना एक सांभाळा. चुंबक स्क्रूड्रायव्हर खेचून घेतो. विशीत असताना माझ्या हातून एका गिऱ्हाइकाच्या डोमला असंच भोक पडलं. अण्णा रागावले नाहीत, पण त्या माणसाचा पडलेला चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून मी आधी डोमवर प्लॅस्टिकच्या बरणीचं झाकण चिकटपट्टीने बसवते आणि मगच स्क्रूला हात लावते. कुठल्या टोकाला कुठली वायर होती त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

आता मल्टिमीटर, म्हणजे विजेला होणारा विरोध ओहममध्ये मोजणारा मीटर. ट्वीटरची निदान एक वायर सोडवूनच मोजा, नाहीतर क्रॉसओव्हरमधली कॉइल किंवा रेझिस्टर आकडा फसवतो. आठ ओहमचा ट्वीटर मीटरवर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, चार ओहमचा तीन ते चार. काहीच दाखवत नसेल तर लगेच हार मानू नका. आमच्याकडच्या दमट हवेत टर्मिनलवर हिरवट थर चढतो, तो खरवडून पुन्हा मोजा. कधी व्हॉइस कॉइलची, म्हणजे डोमला हलवणाऱ्या गुंडाळीची, बारीक तार गोंदाजवळ तुटलेली असते. तारेवरचं इनॅमल ब्लेडने हलकेच खरवडून, टिन लावून, झटकन एक सोल्डरचा थेंब दिला की ती जुळते. तार आत गुंडाळीतच जळली असेल तर मात्र नवा डोम किंवा नवा ट्वीटर, दुसरा उपाय नाही. ट्वीटर वाजवून बघायचा तर मध्ये कपॅसिटर, म्हणजे खालचे सूर अडवणारा भाग, घालूनच. थेट ॲम्प्लिफायरला जोडलात तर खालचे सूर त्याला जाळून टाकतील.

माझ्या दोन पेट्यांत दोन निराळे दोष निघाले. उजव्या पेटीतला कपॅसिटर, ज्याला अण्णा शेवटपर्यंत कंडेन्सर म्हणायचे, तो होता ४.७ मायक्रोफॅरडचा (हे कपॅसिटरचं माप) बायपोलर, म्हणजे प्लस-मायनसची खूण नसलेला, इलेक्ट्रोलिटिक. मोजला तर ६.३ भरला. असा एकच कपॅसिटर आठ ओहमच्या ट्वीटरला जोडला तर ४.७ ला सुमारे ४२०० हर्ट्झपासून वरचे सूर ट्वीटरकडे जायला लागतात, आणि ६.३ ला सुमारे ३१५० पासून. म्हणजे ज्या सुरांसाठी ट्वीटर बनलेलाच नाही ते त्याच्या गळ्यात पडतात. उजवीकडचा 'श' टोचायचा तो यामुळे. तीस-पस्तीस वर्षं झालेला इलेक्ट्रोलिटिक असेल तर न मोजताही बदलावा असं माझं मत आहे, आणि दोन्ही पेट्यांत एकदमच.

त्याच्या जागी पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यांचा, फिल्म कपॅसिटर घाला. महागडा हवाच असं नाही. पंख्याचा कपॅसिटर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो आणि तोही पॉलिप्रॉपिलीनचाच असतो, २.२५ आणि २.५ चे दोन समांतर जोडले की ४.७५ होतात. नवीन, चांगल्या कंपनीचा घ्या आणि मीटरवर मोजून लावा. आकाराने मोठा असतो, म्हणून पेटीच्या तळाशी पट्टीने घट्ट बांधा, नाहीतर वाजताना खडखडेल. जुन्या इलेक्ट्रोलिटिकचा स्वतःचा थोडा विरोध असतो, फिल्मचा जवळजवळ नसतो, त्यामुळे बदलल्यावर वरचे सूर जरा पुढे आल्यासारखे वाटतात. फारच वाटले तर कपॅसिटरच्या मागे अर्ध्या ओहमचा, पाच वॅटचा रेझिस्टर टाका. आणि एक बाजू प्लस, एक बाजू मायनस अशी खूण असलेला साधा इलेक्ट्रोलिटिक इथे कधीच लावू नका.

डाव्या पेटीतला दोष जास्त कुतूहलाचा होता. मीटरवर कॉइल सहा ओहम दाखवत होती, कपॅसिटरही ठीक होता, पण आवाज जणू उशीखालून यायचा. पुष्कळ डोम ट्वीटरमध्ये चुंबकाच्या फटीत फेरोफ्लुइड असतं, लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण मिसळलेलं तेल. १९६३ साली नासाच्या स्टीव्ह पॅपेल यांनी हा पदार्थ अंतराळात वजनविरहित अवस्थेत रॉकेटचं इंधन चुंबकाने ओढून नेता यावं म्हणून बनवला होता. ट्वीटरमध्ये तो कॉइलची उष्णता बाहेर नेतो आणि डोमची नको ती थरथर आवरतो. मात्र वर्षानुवर्षांनी तेल आटतं आणि उरतो डिंक. कॉइल त्या डिंकात रुतून बसते.

स्वच्छता अशी केली. समोरच्या पट्टीचे, म्हणजे डोमभोवतीच्या तबकडीचे, स्क्रू काढण्याआधी पट्टी आणि चुंबक दोन्हींवर पेन्सिलीने एक आडवी रेघ मारली, म्हणजे परत बसवताना तोंड चुकत नाही. डोमची चकती सरळ वर उचलली; तिरकी उचलली की कॉइल घासते. फटीत तपकिरी-काळा चिकटा दिसला, गुळाच्या काकवीचा वाळलेला थर असावा तसा. जाड टिपकागदाच्या पट्ट्या कापून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून फटीतून गोल गोल फिरवल्या. पहिल्या पाच-सहा पट्ट्या काळ्याकुट्ट निघाल्या. पट्टी कोरी निघेपर्यंत हेच चालू ठेवायचं. शेवटी चिकटपट्टीची घडी, चिकट बाजू बाहेर ठेवून, फटीतून एकदा फिरवायची. लोखंडाचा एखादा कण राहिला असेल तर तो तिला लागून येतो. कॉइल कापसाच्या काडीने, अगदी पापणी पुसावी तशी पुसली. अल्कोहोल पूर्ण उडू दिलं, मग त्याच ट्वीटरच्या मापाचं फेरोफ्लुइड सिरिंजने फटीत सोडलं. काही थेंबच लागतात, आणि चुंबक ते आपसूक आत खेचून घेतो. शिवणयंत्राचं तेल घालायचा सल्ला मला दोघांनी दिला होता. कृपा करून तसं करू नका, आणि मुळात फेरोफ्लुइड असलेला ट्वीटर कोरडाही ठेवू नका.

डोम परत बसवताना काही ट्वीटरना खुंट्या असतात, चकती आपोआप मध्यावर येते. खुंट्या नसतील तर स्क्रू अर्धवट आवळा, कपॅसिटरमधून हळू आवाजात तीनेक हजार हर्ट्झचा सूर सोडा आणि चकती केसभर इकडेतिकडे सरकवत खरखर नाहीशी होईल तिथे थांबा. मग स्क्रू समोरासमोरचे, थोडेथोडे करत आवळा. ज्या ट्वीटरची पट्टी गोंदाने चिकटवलेली असते तो उघडायच्या फंदात पडू नका. पोरांच्या बोटाने रेशमी डोम आत गेला असेल तर पुठ्ठ्याच्या नळीतून तोंडाने हलकं ओढून बाहेर काढा. चिकटपट्टीने ओढू नका, वरचा लेप निघून येतो.

ट्वीटर खरोखरच गेला असेल तर नवा जोडीनेच घ्या. भोकाचा आणि पट्टीचा व्यास मोजा, ओहम तेवढेच घ्या, आणि नव्याची अनुनाद-वारंवारता (ज्या सुराला तो आपोआप जास्त थरथरतो) क्रॉसओव्हरच्या वारंवारतेच्या निम्म्याहून कमी हवी. नवे ट्वीटर बहुधा जास्त जोरात वाजतात. तीन डेसिबल जास्त असेल तर आठ ओहमला २.२ ओहम मालिकेत आणि त्यामागे ट्वीटरला समांतर २० ओहम लावले की जोडीचा तोल पहिल्यासारखा होतो. स्वस्तातले प्लॅस्टिकचे पीझो ट्वीटर घरच्या पेटीत बसवू नका. त्यांना व्हॉइस कॉइलच नसते आणि जुन्या क्रॉसओव्हरशी त्यांचं जमत नाही.

पुढची देखभाल थोडीच. छोट्या ॲम्प्लिफायरचं बटण पूर्ण फिरवून लग्नकार्याला स्पीकर वाजवू नका. ॲम्प्लिफायरचा आवाज फाटायला लागला की पहिला बळी ट्वीटर जातो. डोमवरची धूळ मऊ, कोरड्या रंगाच्या ब्रशने झटका, ओलं फडकं नको. पावसाळ्यात पेट्या भिंतीपासून वीतभर दूर ठेवा, प्लॅस्टिकने गुंडाळू नका आणि आठवड्यातून दोनदा तरी अर्धा तास वाजवा. कपॅसिटर बदलला की त्याचं मोजलेलं मूल्य आणि तारीख पेटीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहा. अण्णांनी १९८७ मध्ये तसं '४.७' लिहून ठेवलं होतं, म्हणून उजव्या पेटीतला ६.३ मला लगेच पकडता आला.