गॉन्टलेट घरी चौघांनी खेळताय? या चुका टाळा

'खेळ बिघडलाय. मी नुसता उभा आहे, तरी माझे पॉइंट कमी होतायत.' गणपतीत सगळी भावंडं जमली होती. टीव्हीला लॅपटॉप जोडून मी गॉन्टलेट हा जुना आर्केड खेळ (नाणं टाकून खेळायच्या यंत्रावरचा) लावला आणि दोन मिनिटांत चुलतभावाची ही तक्रार आली. बिघडलेलं काहीच नव्हतं. ते पॉइंट नव्हतेच, तो त्याचा जीव होता. या खेळात तो सेकंदागणिक साधारण एकेकाने घटतो, तुम्ही लढा नाहीतर भिंतीला टेकून बसा.

गॉन्टलेट घरी चालवताना येणाऱ्या अडचणींपैकी निम्म्या अशाच असतात. दोष एम्युलेटरचा (जुन्या यंत्राची नक्कल संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रामचा) नसतो, मूळ यंत्रच वेगळ्या चालीचं आहे. ॲटारी गेम्सने १९८५ मध्ये ते काढलं. रचना एड लॉग यांची, ज्यांचं नाव ॲस्टेरॉइड्स आणि सेंटिपीडशीही जोडलेलं आहे. एकाच कॅबिनेटपुढे, म्हणजे यंत्राच्या उभ्या पेटीपुढे, चार जणांनी उभं राहायचं, चौघांना चार जॉयस्टिक, आणि मध्ये एक भुलभुलैया. थॉर हा वॉरियर, थायरा ही व्हॅल्किरी, मर्लिन हा विझर्ड आणि क्वेस्टर हा एल्फ. खेळ कधी संपत नाही, तुमचा जीव संपतो. जीव वाढवायचा तर वाटेत पडलेलं अन्न खायचं, नाहीतर आणखी एक नाणं टाकायचं. नाण्याला किती जीव द्यायचा हे यंत्राचा मालक ठरवत असे. म्हणजे मुळात हे पैसे गिळायचं यंत्र, फक्त फार गोड बोलून गिळणारं.

पाच नंबर दाबत राहणं

मेम या आर्केड एम्युलेटरवर नाणं टाकायचं बटण म्हणजे ५, हे सगळ्यांना पाठ असतं. चौघं आहेत म्हणून चार वेळा ५ दाबायचं आणि मग '२ दाबून दुसरा खेळाडू येतच नाही' म्हणून वैतागायचं, ही सर्वात सर्रास होणारी चूक. बाकीच्या बऱ्याच खेळांत नाणी एका सामाईक गल्ल्यात जमतात. गॉन्टलेटमध्ये प्रत्येक खेळाडूची नाण्याची खाच वेगळी आहे आणि टाकलेलं नाणं थेट त्याच्याच जिवात जमा होतं. चार वेळा ५ दाबलंत तर एकटाच पैलवान होतो, बाकीचे तिघे दारात उभे. मेमच्या मूळ मांडणीत चार खाचांना ५, ६, ७ आणि ८ ही बटणं आहेत. कोणती खाच कोणत्या रंगाच्या खेळाडूची, हे खेळ लावल्यावर एकदा दाबून बघून घ्या.

दुसरा घोळ 'स्टार्ट'चा. खऱ्या कॅबिनेटवर प्रत्येकाला दोनच बटणं होती. एक मारा करायचं आणि दुसरं जादूचं. सुरुवात करायचं वेगळं बटण नाहीच, जादूचं बटणच ते काम करतं. तेव्हा नाणं पडलंय आणि खेळाडू मैदानात उतरत नाही असं झालं, तर टॅब दाबून इनपुटच्या यादीत जा आणि त्या खेळाडूची दोन्ही बटणं कुठे नेमली आहेत ते पाहा.

पात्र निवडता येत नाही ही तक्रारही इथेच निकालात काढू. पहिल्या चार-खेळाडू गॉन्टलेटमध्ये जागा म्हणजेच पात्र. लाल जागा वॉरियरची, निळी व्हॅल्किरीची, पिवळी विझर्डची, हिरवी एल्फची. एल्फ हवा असेल तर हिरव्या जागेचं पॅड हातात घ्यायचं. कोणालाही कोणतंही पात्र घेण्याची मोकळीक १९८६ च्या गॉन्टलेट टूमध्ये आली. चौघांना चार विझर्ड व्हायचं असेल तर तो लावा.

तिसरा खेळाडू येतच नाही

बटणं बरोबर, नाणी बरोबर, तरी तिघं-चौघं खेळता येत नसेल तर तुम्ही लावलेली आवृत्ती तपासा. ॲटारीने या खेळाचं दोन-खेळाडू कॅबिनेटही काढलं होतं आणि मेममध्ये त्याचा वेगळा सेट (फाइलींचा संच) आहे, नावाच्या शेवटी '२पी' असलेला. यादीत दोन्ही शेजारी-शेजारी दिसतात आणि घाईत भलताच निवडला जातो. चार-खेळाडू खेळाच्याही अनेक आवृत्त्या आहेत, जर्मन आणि स्पॅनिश धरून. मेममध्ये मूळ म्हणून धरलेली आवृत्ती १४ वी. विशेष कारण नसेल तर तीच लावा.

काही जण चुकून निन्टेन्डोच्या एनईएसवरचा गॉन्टलेट उतरवतात आणि बाकीचे दोघे कुठे गेले म्हणून शोधत बसतात. तो टेन्जेनने काढलेला, दोघांचाच, पासवर्ड असलेला आणि चक्क शेवट असलेला निराळा खेळ आहे. चांगला आहे, पण हा नव्हे. कन्सोलवरच चौघांनी खेळायचं असेल तर मेगा ड्राइव्हवरचा १९९३ चा गॉन्टलेट फोर पाहा. तो मल्टिटॅप (एका खाचेत अनेक पॅड जोडायचं उपकरण) लावून चौघांना खेळता येतो आणि त्यात आर्केडचा प्रकारही आहे.

रॉम सेटचं गणित

मेम १९९७ साली इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी सुरू केला आणि २०१६ पासून तो मुक्त सॉफ्टवेअर आहे. मेम वापरायला आडकाठी नाही. खेळाच्या रॉमवर, म्हणजे मूळ यंत्राच्या चिपांमधून उतरवलेल्या फाइलींवर, मात्र हक्क आहेत. ॲटारी गेम्स मिडवेकडे गेली आणि २००९ मध्ये मिडवेची मालमत्ता वॉर्नर ब्रदर्सने घेतली. मिडवे आर्केड ओरिजिन्स या २०१२ च्या संग्रहात गॉन्टलेटचे पहिले दोन्ही भाग आहेत. जुनं कन्सोल घरात असेल तर त्याची डिस्क शोधणं हा सरळ मार्ग, आणि वरची-खालची बरीच डोकेदुखी त्यात वाचते.

मेमवरच खेळायचं ठरवलं असेल तर एक गोष्ट डोक्यात पक्की करा. रॉम सेट आणि एम्युलेटरची आवृत्ती यांची जोडी जुळावी लागते. 'फाइल सापडली नाही' अशी लांबलचक यादी आली की माणसं झिप उघडतात, आतल्या फाइलींची नावं बदलतात, दुसऱ्या झिपमधल्या फाइली त्यात कोंबतात. यातलं काहीही करू नका. झिप उघडायची नाही, तिचं नावही बदलायचं नाही. मेम आतल्या प्रत्येक फाइलची बेरीज तपासतो, नुसतं नाव पाहून तो फसत नाही. रेट्रोआर्क या अनेक एम्युलेटर एकत्र चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये हा गोंधळ जास्त होतो, कारण तिथे एकाच खेळासाठी अनेक कोअर (आतले वेगवेगळे एम्युलेटर) असतात. मेम २००३ हा कोअर ०.७८ या आवृत्तीवर बेतलेला, मेम २०१० हा ०.१३९ वर, आणि एफबी निओ या आणखी एका कोअरचा हिशोब तिसराच. एकावर चाललेला सेट दुसऱ्यावर चालेल असं धरून चालू नका. आणि तुमच्याकडे 'स्प्लिट' सेट (सामाईक फाइली फक्त मूळ खेळाच्या झिपमध्ये ठेवणारा) असेल, तर दोन-खेळाडू आवृत्तीची एकटी झिप चालणार नाही. तिला मूळ गॉन्टलेटची झिपही शेजारी लागते.

जाता जाता, हा खेळ एम्युलेटरवर चालतो हेच मुळात कौतुकाचं आहे. ॲटारीने नकला रोखण्यासाठी बोर्डवर स्लॅपस्टिक नावाची चिप बसवली होती. प्रोसेसर कोणत्या क्रमाने कुठले पत्ते वाचतोय यावर ती नजर ठेवते आणि त्यानुसार रॉमचे तुकडे आलटून-पालटून पुढे करते. नुसत्या रॉमची नक्कल करून बोर्ड बनवला तर खेळ चालत नाही. मेमच्या मंडळींना त्या चिपचं वागणं उकलून काढावं लागलं.

एका कीबोर्डवर चौघं

करू नका. खरंच.

तरी करणार असाल तर काय काय होतं ते ऐका. मेमच्या मूळ मांडणीत पहिल्याला बाणांची बटणं, डावा कंट्रोल मारायला, डावा ऑल्ट जादूला. जुन्या इंटेल ग्राफिक्सच्या बऱ्याच लॅपटॉपवर कंट्रोल, ऑल्ट आणि बाण एकत्र दाबले की अख्खा पडदा आडवा नाहीतर उलटा होतो. तो ग्राफिक्स ड्रायव्हरचा शॉर्टकट आहे. भुतांनी घेरल्यावर माणूस नेमकी हीच तीन बटणं एकत्र दाबतो. आमच्याकडे पडदा उलटा झाल्यावर काकूंनी टीव्हीलाच दोन चापट्या मारल्या होत्या. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये हे हॉटकी बंद करा.

तिसऱ्याला मारायला उजवा कंट्रोल आणि जादूला उजवा शिफ्ट. शिफ्ट पाच वेळा दाबला की विंडोज 'स्टिकी कीज'ची खिडकी उघडतं आणि खेळ मागे जातो. तेही आधीच बंद करून ठेवा. चौथ्याच्या नशिबी नंबर पॅड, जो कितीतरी लॅपटॉपवर नसतोच. हे सगळं निस्तरलं तरी एक उरतंच. स्वस्त कीबोर्ड एका वेळी मोजकीच बटणं ओळखतात. तिघांनी बटणं धरून ठेवली की चौथ्याचा मारा हवेत विरतो, आणि हा खेळ तर सतत बटण धरून ठेवायचाच आहे. 'एल्फ अडकतो' ही तक्रार आली की आधी कीबोर्डवर संशय घ्या. दोन साधी यूएसबी पॅडं आणली तरी निम्मं भांडण मिटतं.

पॅड लावल्यावर वेगळाच त्रास सुरू होतो. कालचा पहिला आज तिसरा होतो, कारण कोणतं पॅड आधी जोडलं यावर क्रमांक फिरतात. पॅडांवर रंगीत चिकटपट्ट्या लावा, रोज त्याच पोर्टमध्ये जोडा आणि मेम सुरू करण्याआधी जोडा. कायमचा इलाज हवा असेल तर मेमच्या कंट्रोलर फाइलमध्ये प्रत्येक पॅडची ओळख ठरावीक क्रमांकाला बांधून ठेवता येते.

मारा करताना पात्र चालत नाही, हा बिघाड नाही. बटण दाबून धरलं की पात्र जागेवर उभं राहतं आणि जॉयस्टिकने फक्त दिशा बदलते. आठही दिशांना मारा करता येतो, म्हणून तिरक्या दिशा नीट न घेणारं पॅड इथे फार नडतं.

आवाज, चित्र आणि चाचणीचा पडदा

गॉन्टलेट बोलतो. कोणाचा जीव संपत आला, कोणाला खायला हवंय, कोणी अन्नावरच मारा केला, हे सगळं तो मोठ्याने जाहीर करतो. तो आवाज ऐकू आला नाही की लोक 'सॅम्पल' फाइली (वेगळे ध्वनिमुद्रित आवाज) शोधत फिरतात. त्यांची इथे गरज नाही. बोलणं बोर्डवरच्या टीएमएस ५२२० या चिपमधून येतं, संगीत वायएम २१५१ मधून, आणि मेम दोन्हींचं काम स्वतः करतो. आवाज तुटक येत असेल तर लॅपटॉप चार्जरला लावा आणि बॅटरी वाचवायची सोय बंद करा. बहुतेक वेळा तेवढंच पुरतं.

चित्र ४:३ ठेवा. मोठ्या टीव्हीवर पडदाभर ताणलं की वॉरियर ताटाएवढा रुंद दिसतो.

चुकून एफ२ दाबलं गेलं तर चाचणीचा पडदा येऊ शकतो. पुन्हा एफ२ दाबा, आणि तेवढ्याने भागलं नाही तर एफ३ ने खेळ नव्याने सुरू करा. पण तो पडदा उपयोगाचाही आहे. या बोर्डवर खेळाची सेटिंग डिप स्विचांनी (बोर्डवरच्या छोट्या खटक्यांनी) होत नाही, ती याच पडद्यावर होते. ती मेमच्या एनव्हीरॅम (nvram) नावाच्या फोल्डरात साठते. सेटिंग लक्षात राहत नसेल तर मेम अशा जागी ठेवला आहे का बघा, जिथे त्याला लिहायची परवानगी नाही. प्रोग्राम फाइल्सचं फोल्डर हा नेहमीचा गुन्हेगार. आणि सेटिंगचा विचका झालाच तर एनव्हीरॅममधलं फक्त गॉन्टलेटचं फोल्डर काढून टाका, सगळं मूळ पदावर येतं.

खेळातल्याच चुका

फुकटची नाणी ही सगळ्यात मोठी. ५ दाबायला पैसे पडत नाहीत म्हटल्यावर कोणी अन्न शोधत नाही, कोणी मागे हटत नाही, आणि अर्ध्या तासात सगळे कंटाळतात. आमच्याकडे नियम आहे. प्रत्येकाला तीन नाणी, मग पॅड पुढच्याला. त्या दिवसापासून भांडणं सुरू झाली आणि खेळात जीव आला.

अन्न दिसलं की मारा थांबवा. काही अन्न माऱ्याने नष्ट होतं. भुतांना अंगावर घेऊ नका, ती धडकली की जीव घेऊनच नाहीशी होतात, लांबूनच मारा. आणि राक्षस मारत बसण्याऐवजी ते जिथून निघतात ती घरटी फोडा, नाहीतर संपायचेच नाहीत. काळ्या आकृतीचा 'डेथ' माऱ्याने मरत नाही. तो अंगाला चिकटला तर २०० पर्यंत जीव शोषून मगच जातो. त्याच्यासाठी जादूची बाटली राखून ठेवा, आणि ती शक्यतो विझर्डला द्या, त्याची जादू सगळ्यांत जोरकस. वॉरियरला देणं म्हणजे बाटली वाया.

चौघांना एकच पडदा आहे हेही विसरू नका. एक जण मागे खजिना वेचत राहिला की पडदा पुढे सरकत नाही आणि पुढचे तिघे कडेला अडकतात. याला लोक 'हँग झाला' म्हणतात. हाक मारा, हँग सुटतो. किल्ल्या संपल्या आणि दारं बंद असली तरी रीसेट करायची गरज नाही. सगळे थोडा वेळ काहीच न करता थांबले की दारं आपोआप उघडतात, आणि आणखी थांबलात तर भिंतींचेच बाहेर जायचे रस्ते होतात. तोवर जीव मात्र गळतच असतो.

लांबच्या भावंडांबरोबर

मेममध्ये नेटवरून खेळायची सोय नाही. रेट्रोआर्कमध्ये आहे. अट एकच, सगळ्यांकडे तोच कोअर, त्याची तीच आवृत्ती आणि तोच रॉम सेट हवा. एकाने कोअर अपडेट केला आणि बाकीच्यांनी नाही, की जोडणी होत नाही किंवा दोघांच्या पडद्यांवर दोन वेगळ्या कथा चालू होतात. यजमानाने राउटरमध्ये पोर्ट ५५४३५ (बाहेरून आत यायचं दार) उघडायचं असतं, पण आपल्याकडच्या बऱ्याच मोबाइल आणि फायबर जोडण्या इंटरनेटचा एकच पत्ता अनेक घरांत वाटून देतात. तिथे राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, बाहेरून कोणी आत येऊ शकत नाही. तासभर राउटरशी झुंजण्याआधी नेटप्लेच्या सेटिंगमध्ये रिले सर्व्हर (दोघांमधली जोडणी मध्यस्थासारखी करून देणारा) चालू करून बघा. भाऊ पुण्यात आणि बहीण न्यू जर्सीत असेल तर थोडा उशीर होणारच. तिथे इनपुट लेटन्सीचे (बटण दाबल्यापासून मुद्दाम ठेवलेल्या उशिराचे) फ्रेम एक-दोनने वाढवले की झटके कमी होतात. बहिणीला एल्फ देऊ नका, वेगवान पात्राला उशीर जास्त जाणवतो. तिला विझर्ड द्या आणि बाटल्या तिच्यासाठी सोडा.