ग्लस्टर-एफएसवर नजर ठेवणारी स्क्रिप्ट: 'एन' शोधू नका, 'वाय' मोजा

ग्लस्टर-एफएस अनेक मशीनच्या (नोडच्या) डिस्क जोडून एकच सामायिक साठा, म्हणजे व्हॉल्यूम, बनवतं. इथे तीन नोड आणि तीन प्रतींचा व्हॉल्यूम धरून चालू. नोड वाढले तर आकडे बदला, बाकी सगळं तेच.

पहिल्यांदा लिहिलेली स्क्रिप्ट बहुधा 'ग्लस्टर व्हॉल्यूम स्टेटस' चालवते आणि ऑनलाइनच्या रकान्यात 'एन' (N, म्हणजे बंद) दिसला की मेल धाडते. पण एखाद्या नोडवरचं ग्लस्टर-डी (ग्लस्टरचा कारभार पाहणारी सेवा) बंद पडलं, की त्या नोडची ब्रिक (व्हॉल्यूमला दिलेली तिथली डिरेक्टरी) या यादीतून गायबच होते. 'एन' येतच नाही आणि स्क्रिप्ट 'सगळं ठीक' म्हणून मोकळी होते. म्हणून 'वाय' (Y, म्हणजे चालू) मोजायचे: तीन हवेत, दोन निघाले तर धोका. मोजताना सेल्फ-हील डीमनच्या (मागे पडलेल्या प्रती आपोआप जुळवणाऱ्या प्रोसेसच्या) ओळी वगळा, त्यांच्यापुढेही 'वाय' असतो. शिवाय ब्रिकचा पाथ लांब असला तर ओळ तुटून खाली जाते आणि ग्रेप (ओळींत मजकूर शोधणारी कमांड) चुकतो. त्यापेक्षा एक्सएमएलचा पर्याय देऊन आउटपुट घ्या. तिथे 'स्टेटस'ची किंमत सरळ 1 किंवा 0 असते. नोडची आपसातली जोडणी दाखवणारी 'पीअर स्टेटस' कमांड स्वतःचा नोड धरत नाही, त्यामुळे तिथे 'कनेक्टेड' दोनदाच यायला हवं.

पुढची तपासणी हीलची, म्हणजे मागे पडलेल्या प्रती जुळवण्याची. 'हील इन्फो' प्रत्येक ब्रिकखाली बाकी फाइलींची संख्या देतं. एक ब्रिक पडली की उरलेल्या दोन्ही ब्रिक तीच फाइल दाखवतात, तेव्हा बेरीज करू नका, सर्वांत मोठा आकडा घ्या. पडलेल्या ब्रिकसमोर आकड्याऐवजी नुसती '-' अशी रेघ येते. बॅशमध्ये तिचं नकळत शून्य होऊ शकतं, म्हणून अंक नसलेली कोणतीही किंमत बिघाड समजा. लिखाण चालू असताना दोन-चार नोंदी क्षणभर दिसतात, त्यावर कुणाला झोपेतून उठवू नये. सेल्फ-हील डीमन मुळात दर 600 सेकंदांनी फेरी मारतो. पाच मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या चार मोजण्यांत आकडा उतरला नाही तरच इशारा द्या. स्प्लिट-ब्रेनला (प्रती वेगळ्या झाल्या आणि खरी कोणती ते ग्लस्टरला ठरवता येत नाही) मात्र सवलत नाही. एक फाइल सापडली तरी लगेच कळवा.

माउंट तपासायला छोटी फाइल लिहून परत वाचा, पण 'टाइमआउट'मध्ये (ठरलेल्या वेळानंतर काम थांबवणारी कमांड) गुंडाळून. मर्यादा 60 सेकंद ठेवा. 'नेटवर्क पिंग-टाइमआउट' मुळात 42 सेकंदांचा असतो. नोड अचानक गेला तर क्लायंट तेवढा वेळ थांबणारच, आणि 10 सेकंदांची मर्यादा उगाच ओरडेल. प्रोसेस 'डी' अवस्थेत (डिस्क किंवा नेटवर्कच्या उत्तराची वाट पाहत) अडकली तर किलनेही मरेलच असं नाही. म्हणून क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारी सेवा) 'फ्लॉक' (एका वेळी एकच प्रत चालू देणारं लॉक) लावा, नाहीतर दर पाच मिनिटांनी आणखी एक अडकलेली स्क्रिप्ट जमा होत राहील. लॉक मिळालं नाही, हाही बिघाडच. निकालाची फाइल लोकल डिस्कवर लिहा (व्हॉल्यूमवर लिहिणारे असतात!) आणि ती 15 मिनिटांपेक्षा जुनी झाली का, हे क्लस्टरबाहेरच्या मशीनने बघावं.

ग्लस्टरचे कमांड एकाच नोडवरून चालवा. तिन्हीकडून एकदम चालवले तर 'अनदर ट्रान्झॅक्शन इज इन प्रोग्रेस' येतं. ते आलं तर 20 सेकंद थांबून पुन्हा एकदा प्रयत्न करा. ब्रिकच्या डिस्कवर 'डीएफ' (किती शिल्लक आहे ते दाखवणारी कमांड) जागेसाठी आणि आयनोडसाठी (फाइलींच्या नोंदींसाठी), दोन्ही लागतात.

शेवटी चाचणीच्या क्लस्टरवर दोन्ही प्रकार करून पाहा: आधी एका नोडवर ग्लस्टर-डी थांबवा, ते पुन्हा सुरू केल्यावर एका ब्रिकची प्रोसेस पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) बघून मारा. दोन्ही वेळा इशारा आला पाहिजे. मारलेली ब्रिक 'व्हॉल्यूम स्टार्ट'ला 'फोर्स' जोडून परत उभी राहते.