माडीच्या कड्या खचल्यात? दुरुस्तीचा खर्च आधी असा काढा

जुन्या वाड्यात किंवा गावच्या घरात माडीवर चालताना जमीन दबते, कपाट हलतं, म्हणजे लगेच सगळ्या कड्या, म्हणजे माडीची जमीन तोलणारी आडवी लाकडं, बदलायच्या असं काही नसतं. सुताराला विचारलंत तर तो बहुतेक वेळा तेच सांगणार, म्हणून कोटेशन मागायच्या आधी स्वतः एकदा बघून घ्या.

पहिलं काम, खालच्या खोलीतून बॅटरी मारून प्रत्येक कडीची दोन्ही टोकं बघायची, भिंतीत शिरते तिथे. पावसाचं पाणी भिंतीतून तिथंच मुरतं, त्यामुळे कडी मधे एकदम ठणठणीत आणि टोकाला नुसता भुसा असं बऱ्याचदा असतं. स्क्रूड्रायव्हर टोचा. आत जातच नसेल तर लाकूड चांगलं, अर्धा इंच आरामात घुसला तर ते टोक गेलं समजा. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी, खाली पिठासारखी पावडर पडत असेल तर लाकूड पोखरणारा किडा. खराब कड्यांवर खडूने नंबर टाका आणि फोटो काढून ठेवा.

आता हिशोब. नुसतं टोक गेलं असेल तर सडलेला भाग कापून दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनेल (इंग्रजी सी-आकाराचा गर्डर) बोल्टने आवळतात, किंवा जुनीला खेटून नवीन कडी टाकतात, वरची जमीन न उखडता. 100 मिमीचं चॅनेल मीटरला साधारण साडेनऊ किलो भरतं, फॅब्रिकेटर किलोवर दर लावतो, म्हणजे खर्च घरीच काढता येतो.

पूर्ण बदलायच्या असतील तर लाकूड घनफुटावर. लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिन्हींचा गुणाकार भागिले 144. खोली 10 फुटांची असली तरी कडी दोन्हीकडे भिंतीत सहा-सहा इंच बसते, म्हणून 11 फूट धरा. 4 बाय 6 ची एक कडी 1.83 घनफूट, आठ कड्या जवळजवळ 15 घनफूट. समजा दर 3,000 रुपये, तर 44,000 नुसतं लाकूड. दर दोन-तीन वखारीत विचारा, पुण्यात असाल तर टिंबर मार्केटला चक्कर मारा. पाडलेल्या वाड्याचं जुनं सागवान मिळालं तर उत्तमच, फक्त त्यातले खिळे काढायची आणि रंधायची मजुरी कोण देणार ते आधीच ठरवा.

कड्या पूर्ण बदलताना खरा खर्च माडीच्या जमिनीत भरलेल्या मातीत असतो, आणि तो कोणी आधी सांगत नाही. दहा बाय दहाच्या खोलीवर सहा इंच माती म्हणजे दोन टनांच्या वर वजन, वर कोणीतरी हौसेने शहाबादी फरशी घातलेली असली तर विचारूच नका. ती माती काढायची, गोण्या भरून जिन्यावरून उतरवायची, राडारोडा टेम्पोने न्यायचा, परत फळ्या ठोकून जमीन करायची. आणि या सगळ्यात खाली टेकू लावलेले हवेतच, जॅकने उचलायचं तर एकदम नाही, थोडं थोडं, नाहीतर भिंतीला तडे जातात. इथे पैसे वाचवायला जाऊ नका.

कोटेशन 'सगळं मिळून एवढे' असं घेऊ नका. लाकूड, मजुरी, टेकू, माती-राडा, वाळवीचं औषध, सगळं वेगवेगळं लिहून घ्या, जीएसटी धरलाय का तेही. वर 15 टक्के हाताशी ठेवा, जमीन उघडल्यावर एखादी कडी जास्तीची निघतेच. मुंबईत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, चाळीत राहत असाल तर पदरचे पैसे घालायच्या आधी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे विचारा. आणि भिंतीत पाणी कुठून येतंय, कौल फुटलंय की पन्हळ, ते नवीन कडी बसायच्या आधी बंद करा.